ज्या त्या यंत्राचा दुभाष्या

घरांत संगणक किती, असा प्रश्न कोणी केला तर बहुतेक कुटुंबांत "एक" किंवा फार तर "दोन" असें उत्तर मिळेल. कोणी विशेष चौकस असला तर खिशांतला फोनही तो त्यांत धरील. परंतु कपडे धुण्याच्या यंत्रांत, विजेच्या नव्या मीटरांत, टीव्हीच्या रिमोटांत, दाराशीं उभ्या असलेल्या मोटारींत आणि आजोबांचा रक्तदाब मोजणाऱ्या पेटींत जे लहान लहान संगणक मुकाट्यानें राबत असतात, त्यांची गणती कोणी करीत नाहीं. ती कोणी करूं नये अशीच त्यांच्या कर्त्यांची इच्छा असते. आपण संगणक आहों याचा जें उपकरण घरच्या मंडळींस विसर पाडतें, तेंच चांगलें उपकरण.

या मुक्या संगणकांसाठीं लेखन करणें हा आमचा पोटाचा धंदा आहे. त्यामुळें एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. या विद्येंत नव्यानें शिरलेला जवळजवळ प्रत्येक तरुण तो विचारतो, आणि गेल्या दिवाळींत आमच्या भाच्यानेंही तोच विचारला : "मामा, माझ्या लॅपटॉपवर कंपायलर आहेच कीं! चांगला चालतो. मग तुमच्या या चिमुकल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीं आणखी एक वेगळा कंपायलर बांधत कशाला बसायचं?" प्रश्न रास्त आहे. "तशी रीत आहे" एवढें सांगून शिष्यास गप्प करणाऱ्या गुरूंची आपल्याकडे वाणवा नाहीं; परंतु रीतीमागें कारण असेल तर तें सांगितलें पाहिजे, आणि नसेल तर ती रीत सोडली पाहिजे. म्हणून त्या मुलास जें सांगितलें तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडीत आहों.

कंपायलर हा एक दुभाष्या आहे. प्रोसेसरला केवळ अंकांची बोली समजते, आणि तीही प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरची निराळी. मनुष्यानें त्या बोलींत लिहावयाचें म्हणजे डोळे आणि आयुष्य दोन्ही खर्ची घालावयाचीं. १९५२ सालीं ग्रेस हॉपर या विदुषीनें ए-० नांवाची एक रचना करून या कष्टांतून सुटकेची पहिली वाट दाखविली. १९५७ सालीं आयबीएमच्या मंडळींनीं फोर्ट्रान भाषा आणि तिचा कंपायलर लोकांपुढें ठेवला. तेव्हांपासून मनुष्यानें मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहावें आणि कंपायलरनें तें यंत्राच्या बोलींत उतरवावें, अशी कामाची वांटणी रूढ झाली. हा दुभाष्या बहुधा ज्या यंत्रावर बसतो त्याच यंत्राच्या बोलींत भाषांतर करतो. परंतु एका यंत्रावर बसून दुसऱ्याच एखाद्या यंत्राच्या बोलींत भाषांतर करणाराही दुभाष्या असतो, आणि त्यास क्रॉस-कंपायलर म्हणतात.

मुंबईच्या वाचकांस हा व्यवहार परका वाटूं नये. डबा शिजतो उपनगरांतल्या एका घरीं आणि खाल्ला जातो फोर्टांतल्या एका कचेरींत. कचेरींतल्या टेबलावर चूल मांडतां येत नाहीं, म्हणून ही व्यवस्था. उपकरणांतल्या संगणकाचेंही असेंच आहे. विद्यार्थ्यांच्या हातीं नेहमीं दिसणाऱ्या आर्डुइनो उनो या पाटीवर जो प्रोसेसर बसविलेला असतो, त्याच्यापाशीं प्रोग्रॅम ठेवण्यास ३२ किलोबाइट जागा असते आणि काम करतांना आंकडे मांडण्यास अवघी २ किलोबाइट. प्रस्तुत लेखाचा मजकूर देखील त्या २ किलोबाइटांत मावणार नाहीं. मग मेगाबाइटांनीं मोजावा लागणारा कंपायलर तेथें कोठून मावणार? तेव्हां स्वयंपाक मोठ्या घरींच व्हावयाचा. मात्र डबा भरणाऱ्या गृहिणीस खाणाराची प्रकृति ठाऊक असावी लागते. घरांत चारजणांस गोड आवडतें म्हणून मधुमेह झालेल्या माणसाच्या डब्यांत श्रीखंड भरून चालत नाहीं. आमच्या सर्व विवेचनाचें सार या एका वाक्यांत आहे. पुढें जें येतें तें त्याचें स्पष्टीकरण समजावें.

ही युक्ति आजकालची नव्हे. जुलै १९६९ मध्यें ज्या संगणकानें माणसांस चंद्रावर उतरविलें, त्याच्या कायम स्मृतींत ३६,८६४ शब्द आणि पुसतां येणाऱ्या स्मृतींत २,०४८ शब्द, एवढाच संसार होता. त्याचे प्रोग्रॅम मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठांत एका मोठ्या संगणकावर यंत्राच्या बोलींत उतरविले जात. मग कारखान्यांतील स्त्रिया ते अक्षरशः तारेनें विणीत असत. तार चुंबकीय कड्याच्या आंतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. तेथें भाषांतरांत राहिलेली चूक तारेंत विणली जाई आणि ती उसवावयास पुढें आठवडे लागत.

त्याच वर्षीं बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन यांनीं पीडीपी-७ नांवाच्या एका लहान यंत्रावर युनिक्सचें बीज लाविलें. त्या यंत्रावर लेखनाचीं साधनें अपुरीं होतीं. म्हणून आरंभीं सर्व लेखन दुसऱ्या एका मोठ्या यंत्रावर होई, तेथेंच तें पीडीपी-७ च्या बोलींत उतरे, आणि त्याची छिद्रें पाडलेली कागदी फीत हातांत घेऊन या यंत्रापर्यंत आणावी लागे. पुढें १९७५ सालीं बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनीं अल्टेअर नांवाच्या संगणकासाठीं बेसिक भाषा तयार केली ती तो संगणक जवळ नसतांना. ॲलन यांनीं हार्वर्डमधील पीडीपी-१० या मोठ्या यंत्रास अल्टेअरमधील ८०८० प्रोसेसरचें सोंग घ्यावयास शिकविलें आणि सर्व परीक्षा त्या सोंगावर घेतल्या. पुढें ॲलन फीत घेऊन आल्बुकर्की येथें गेले, आणि खऱ्या यंत्रावर तो प्रोग्रॅम चालला. यांतली खुबी वाचकांच्या ध्यानीं आलीच असेल. त्यांनीं परक्या यंत्राची बोली तर उचललीच, शिवाय त्याचा स्वभावही उचलला.

युनिक्स आणि उपकरणांतील सिस्टिम यांत एक भेद मात्र आहे. युनिक्स लवकरच आपल्या पायांवर उभें राहिलें. त्याचा स्वतःचा असेंब्लर झाला, पुढें कंपायलर झाला, आणि मोठ्या यंत्राच्या आधाराची गरज संपली. १९९१ सालीं लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं लिनक्सचा आरंभ मिनिक्स या दुसऱ्याच सिस्टिमवर बसून केला. तेंही असेंच मोठें होऊन स्वतंत्र बिऱ्हाडानें राहूं लागलें. दोन किलोबाइटांच्या संसारांतल्या सिस्टिमला हें भाग्य कधींच लाभत नाहीं. तिला जन्मभर दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेलें खावें लागतें, आणि म्हणूनच त्या चुलीपाशीं बसणारा कोण, हा प्रश्न तिच्या बाबतींत कायमचा महत्त्वाचा ठरतो.

तो किती महत्त्वाचा, याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांतलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका लहानशा कारखान्यानें आम्हांस एक कोडें सोडवावयास बोलाविलें. विहिरीवरील विजेच्या पंपासाठीं ते एक स्वयंचलित पेटी बनवीत असत. विहीर आटली कीं पंप कोरडा चालतो आणि मोटार जळते. तसें होऊं नये म्हणून पाणी थांबतांच मोटार बंद करावयाची, एवढेंच त्या पेटीचें काम. मोटार सुरू झाल्यावर पाणी वर चढण्यास थोडा वेळ लागतो, म्हणून पहिलीं दोन मिनिटें "पाणी नाहीं" या सूचनेकडे लक्ष द्यावयाचें नाहीं, असा एक नियम तींत घातलेला होता. हा प्रोग्रॅम लॅपटॉपवर, लॅपटॉपच्याच कंपायलरनें तयार करून, दोन दोन दिवस सलग चालवून तपासलेला होता. तरीही शेतांवर मोटारी जळत होत्या. चमत्कार असा, कीं ज्या आठवड्यांत शेतीला दिवसा वीज मिळे त्या आठवड्यांत एकही मोटार जळत नसे. ज्यांत रात्रीं मिळे त्यांतच जळत. उंदरांपासून चोरांपर्यंत सर्वांवर संशय घेऊन झाला होता.

दिवसाचा पुरवठा आठ तासांचा होता आणि रात्रीचा दहा तासांचा. उलगडा एवढ्यांतच होता. मोटार सुरू होऊन किती सेकंद झाले याची मोजदाद प्रोग्रॅम एका साध्या पूर्णांकांत ठेवीत असे. लॅपटॉपच्या कंपायलरच्या हिशेबीं असा पूर्णांक ३२ बिटांचा असतो आणि तो दोनशें चौदा कोटींच्या वर जातो. दोन दिवसांचे सेकंद त्यांत सहज मावतात. पेटींतल्या आठ बिटांच्या प्रोसेसरसाठीं मात्र तोच पूर्णांक १६ बिटांचा होता, आणि त्याची मजल ३२,७६७ पर्यंतच. ३२,७६७ सेकंद म्हणजे ९ तास ६ मिनिटें ७ सेकंद. त्यापुढचा सेकंद पडला कीं आंकडा उलटून उणे ३२,७६८ होई. उणे संख्या १२० पेक्षां लहानच. तेव्हां पेटीची समजूत होई कीं मोटार आतांच सुरू झाली आहे, अजून दोन मिनिटें व्हावयाचीं आहेत, पाणी नसलें तरी चिंता नाहीं. रात्रभर उपसा होऊन पहांटे विहीर तळाला जावी, आणि नेमका त्याच घटकेला राखणदाराचा डोळा लागावा! एका शेतकऱ्यानें त्या हंगामांत दोनदां मोटार भरून आणली होती. दुसऱ्या खेपेस ती परत येईपर्यंत त्याचा भाजीपाला वाळून गेला.

येथें दोष भाषेचा म्हणतां येत नाहीं. पूर्णांक किती रुंद असावा हें सी भाषेनें मुद्दामच यंत्राच्या सोयीवर सोपविलें आहे. पेटीच्या कंपायलरचाही तो नव्हता. त्यानें आपल्या प्रोसेसरला साजेल तेंच केलें. तपासणी मात्र एका यंत्राची झाली आणि शेतावर गेलें दुसरें. पेटीच्याच कंपायलरनें तयार केलेला प्रोग्रॅम त्या प्रोसेसरचें सोंग घेणाऱ्या साधनावर, घड्याळ भरधाव पळवून चालविला, तेव्हां पहिल्याच दुपारीं दोष उघडा पडला. कंपायलर निवडणें म्हणजे कोणतें जग खरें मानावयाचें तें ठरविणें होय, हें आम्हांस त्या दिवशीं जितकें स्पष्ट दिसलें तितकें कोणत्याही ग्रंथांत दिसलें नव्हतें.

भाचा चतुर आहे. तो म्हणाला, "मान्य; तिथं प्रोसेसरच वेगळा होता. पण माझ्या लॅपटॉपवरचा आणि मला सिस्टिम लिहायची आहे त्या पाटीवरचा प्रोसेसर एकाच घराण्यांतला असला तर?" आक्षेप खरोखर मार्मिक आहे, कारण बोली एक असली कीं दुभाष्याचें कामच उरलें नाहीं असें वाटतें. परंतु एक बोली बोलणाऱ्या दोन घरांच्या रीतीही एकच असतात असें नाहीं.

इंटेल आणि एएमडी यांच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरांचें उदाहरण घ्या. प्रोग्रॅम चालतांना आपले तात्पुरते आंकडे एका चळतींत ठेवतो आणि चळत कोठवर आली हें एका खुणेनें दाखवितो. लिनक्स वगैरे युनिक्सच्या कुळांतील सिस्टिमांनीं आपसांत असा करार केला आहे, कीं या खुणेपलीकडील १२८ बाइट जागाही चालत्या प्रोग्रॅमनें, खूण न हलवितां, खुशाल वापरावी. तिला कोणी हात लावणार नाहीं. या जागेस रेड झोन असें नांव आहे. लॅपटॉपचा कंपायलर हा करार गृहीत धरून चालतो, आणि त्यामुळें लहान लहान कामें थोडीं जलद होतात. सामान्य प्रोग्रॅमला यांत धोका नाहीं. मध्येंच बाहेरून कांहीं सूचना आली तर लिनक्सचा कर्नेल तिच्यासाठीं आपली निराळी चळत मांडतो.

आतां जो स्वतःच कर्नेल लिहूं लागला आहे त्याची स्थिति पाहा. कर्नेल चालूं असतां टंकफलकावरील कळ दाबली गेली किंवा घड्याळाचा ठोका पडला, कीं प्रोसेसर हातांतलें काम तेथेंच थांबवितो आणि आपली नोंद सामान्यतः त्याच चळतींत, खुणेच्या लगत पलीकडे, टाकून देतो. त्यास तो करार ठाऊक नाहीं. तो सिस्टिमांचा आपसांतला करार होता, प्रोसेसरचा नव्हता. १२८ बाइटांत जपून ठेवलेले आंकडे त्या नोंदीखालीं पुसले जातात. एखाद्या घरांत पाटाजवळचा कोनाडा बसणाराचा असा रिवाज असावा, आणि रिवाज न जाणणाऱ्या पाहुण्यानें येतांच आपली पिशवी त्यांत कोंबावी, तसा हा प्रकार आहे. ठोका नेमका त्याच क्षणीं पडला तरच बिघाड होतो. म्हणून तो दिवसांतून एकदां होईल, महिन्यांतून एकदां होईल, आणि पाहावयास बसलें कीं होणारच नाहीं. लिनक्सचा कर्नेल देखील ही जागा वापरूं नये असा स्पष्ट आदेश देऊनच तयार केला जातो.

"मग मीही तसा आदेश देईन," असें कोणी म्हणेल. आणि आदेश देतां येतो, हें खरें आहे. हें वापरूं नको, तें जोडूं नको, घरचीं शीर्षपत्रें वाचूं नको, अशी आदेशांची एक लांबलचक माळ लॅपटॉपच्या कंपायलरच्या गळ्यांत घालून कित्येकजण काम भागवितात. परंतु अडचण अशी आहे, कीं दुभाष्या एकटा नसतो. त्याचा जुना शागीर्दवर्ग त्याच्याबरोबर येतो. ३२ बिटांच्या प्रोसेसरला ६४ बिटांचा भागाकार बहुधा एका आदेशानें करतां येत नाहीं. असें स्थळ आलें कीं कंपायलर लेखकास न विचारतां एका तयार साहाय्यक प्रोग्रॅमला हांक मारतो. जीसीसी या सुप्रसिद्ध कंपायलरपाशीं अशा साहाय्यकांचा एक संग्रहच असतो, आणि तो लॅपटॉपच्या सिस्टिमचे करार धरून आधींच तयार केलेला असतो. आज दिलेला आदेश काल शिजलेल्या अन्नास लागूं होत नाहीं. आपल्या कर्नेलमधील प्रत्येक ओळ नवे नियम पाळीत असतां हा एक साहाय्यक जुन्या नियमानें वागतो, आणि सर्व इमारतीस सुरुंग लावून ठेवतो. शिवाय लॅपटॉपचे कंपायलर मधून मधून आपल्या संवयी बदलीत असतात. कांहीं वितरणांत चळतीच्या रक्षणासाठीं एक गुप्त आंकडा तपासण्याची तजवीज न सांगतांच घातलेली असते, आणि तो आंकडा सिस्टिमनें अमुक ठिकाणीं ठेवलेला असेलच असें धरून चाललेलें असतें. नव्या सिस्टिमनें तसें कांहींच ठेवलेलें नसतें.

उलट ज्या कंपायलरची बांधणीच त्या सिस्टिमसाठीं झालेली असते, त्यास यांतलें पुष्कळसें बजावावें लागत नाहीं. प्रोसेसर कोणता, घराणें कोणतें, करार कोणता, मागें सिस्टिम आहे कीं नाहीं, हें त्याच्या नांवांतच लिहिलेलें असतें. त्याच्या साहाय्यकांचा संग्रह त्याच करारानें तयार होतो. लॅपटॉपच्या घरचें एखादें शीर्षपत्र चुकून मागितलें, तर "असें कांहीं येथें नाहीं" म्हणून तो जागच्या जागीं थांबतो. पुढें शेतावर कळण्यापेक्षां येथेंच कळलेलें बरें, हें पंपाची गोष्ट वाचलेल्यांस सांगावयास नको.

निष्पक्षपातानें हेंही सांगितलें पाहिजे, कीं प्रत्येक सिस्टिमसाठीं कंपायलरची स्वतंत्र प्रत बांधलीच पाहिजे असें आतां राहिलेलें नाहीं. क्लँग हा एकच कंपायलर अनेक प्रोसेसरांच्या बोली जाणतो. कोणासाठीं लिहावयाचें तें त्यास सांगितलें कीं झालें. रस्ट भाषेच्या कंपायलरचीही तीच तऱ्हा आहे. परंतु दुभाष्या बहुभाषी झाला तरी त्या त्या घराचे करार, शीर्षपत्रें आणि साहाय्यकांचा संग्रह हीं त्यास निराळीं पुरवावीं लागतातच. प्रत एक झाली. परिश्रम तेवढेच राहिले. आणि या परिश्रमास सीमा नाहीं. एका यंत्रावर बसून, दुसऱ्यावर चालेल आणि तिसऱ्याच्या बोलींत लिहील असाही कंपायलर बांधावा लागतो. त्यास कॅनेडियन क्रॉस म्हणतात. कारण हा विचार प्रथम पुढें आला तेव्हां कॅनडांत तीन राष्ट्रीय पक्ष होते म्हणे! गंभीर लोकही नांवें ठेवतांना थोडी गंमत करून घेतात.

आणखी एक कारण भाच्यास त्या दिवशीं फारसें पटलें नाहीं, वयाबरोबर पटेल. लॅपटॉप चारपांच वर्षांत बदलतो आणि त्यावरील कंपायलर त्याहूनही लवकर. उपकरण मात्र पंधरा पंधरा वर्षें भिंतीवर, विहिरीवर, क्वचित् एखाद्या माणसाच्या छातींतही बसून राहतें. दहाव्या वर्षीं त्यांत एक ओळ सुधारावयाची झाली तर जो दुभाष्या आरंभीं होता तोच पुन्हां हवा. नाहीं तर एक ओळ बदलतांना हजार ओळींचें भाषांतर नकळत बदलून जातें. मोटारींतील विद्युत् यंत्रणांच्या सुरक्षिततेविषयीं २०११ सालीं आयएसओ २६२६२ हें प्रमाण निघालें. त्यांत प्रोग्रॅम ज्या साधनांनीं तयार झाला त्यांच्या विश्वसनीयतेचाही विचार करण्यास सांगितलें आहे. म्हणून चांगले कारखाने यंत्राच्या नकाशांबरोबर त्याचा कंपायलरही जपून ठेवतात.

लॅपटॉपचें कांहीं बिघडलें तर तो पडद्यावर तक्रार करतो. आपण ती वाचतों, चिडतों, आणि तो बंद करून पुन्हां सुरू करतों. विहिरीवरील पेटीला पडदा नाहीं आणि तिच्याजवळ रात्रीं कोणी बसलेलेंही नसतें. तिला जें सांगितलें गेलें तें तिला नीट कळलें कीं नाहीं, हें विचारण्याची संधि तिच्या कर्त्यास एकदांच मिळते, आणि ती भाषांतराच्या वेळीं. तेथें दोन तास अधिक घालवावे लागले तर ते घालवावे. रात्रीच्या विजेवर पंप लावून, पेटी आहे या भरंवशावर जो शेतकरी घरीं जाऊन निजतो, त्याचें तेवढें देणें आम्ही लागतों.